क्षेत्रीय वाहतूक आराखडा: गुणपत्रक, 24 मीटरचा रस्ता आणि चौकाचे कोपरे

आखणीवही (धागाकर्ता)

क्षेत्रीय वाहतूक आराखडे बहुतेक ठिकाणी एकाच साच्यातून निघतात. पहिल्या प्रकरणात चालणं, सायकल आणि बस यांना प्राधान्य दिलेलं असतं. शेवटच्या प्रकरणात कामांची यादी येते, तिच्यात रुंदीकरण, उड्डाणपूल आणि बाह्यवळण रस्ते असतात. मधल्या कुठल्या पानावर हे फिरलं ते शोधायला गेलं की हमखास गुणपत्रकाचं पान सापडतं. कुठल्या कामाला निधी द्यायचा हे ठरवायला प्रत्येक प्रस्तावाला गुण देतात, आणि त्यातला सगळ्यात जड निकष असतो वाहनांच्या खोळंब्यात होणारी बचत. चालणाऱ्याचा खोळंबा कुणी मोजत नाही. म्हणून पदपथाच्या प्रस्तावाला तिथे शून्य मिळतं, आणि सिग्नलचं चक्र (सगळ्या दिशांना एकदा हिरवा मिळून पुन्हा पहिल्या दिशेवर यायला लागणारा वेळ) छोटं करायच्या प्रस्तावाला तर उणे गुण.

या धाग्यावर तीन गोष्टींचा नीट कीस काढू. गुणपत्रकात काय बदलायचं, साधारण रुंदीच्या रस्त्यात खरोखर काय बसतं, आणि मंजूर झालेलं काम जमिनीवर उतरताना कुठे बिघडतं.

सगळ्यांचं गणित एकाच रस्त्यावर चालावं म्हणून असं धरू: भिंतीपासून भिंतीपर्यंत 24 मीटर, वर्दळीचा बसमार्ग, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि दर 150 ते 200 मीटरवर एखादा 7 मीटर रुंदीचा छोटा रस्ता येऊन मिळतो.

---

मोजणीदार

गुणपत्रकापासूनच सुरुवात करतो, कारण तिथे हरलो तर पुढचं सगळं कागदावरच राहतं.

रस्त्याला 'ए' ते 'एफ' अशी श्रेणी द्यायची पद्धत अमेरिकेच्या 1965 च्या हायवे कपॅसिटी मॅन्युअलमधून आली. मोकळ्या महामार्गावर मोटारी किती सुरळीत चालतात हे सांगायला ती ठीक होती. तीच फूटपट्टी शहरातल्या चौकांनाही लावली गेली आणि पुढे चौकाची श्रेणी म्हणजे दर वाहनामागे किती सेकंदांचा खोळंबा, एवढंच उरलं. 50 माणसांची बस एक वाहन, एकट्या माणसाची मोटार एक वाहन, आणि पायी जाणारा हिशेबातच नाही.

पायी माणसाचा सिग्नलवरचा सरासरी खोळंबा काढायचं सूत्र सोपं आहे. चक्राच्या सेकंदांतून पायी हिरव्याचे सेकंद वजा करा, येईल त्याचा वर्ग करा आणि चक्राच्या दुपटीने भागा. 120 सेकंदांच्या चक्रात रस्त्यावर पाऊल टाकायला 12 सेकंद मिळत असतील तर 108 चा वर्ग भागिले 240, म्हणजे जवळजवळ 49 सेकंद. तेवढेच 12 सेकंद 70 सेकंदांच्या चक्रात दिले तर 58 चा वर्ग भागिले 140, म्हणजे 24 सेकंद. त्याच मॅन्युअलच्या नंतरच्या आवृत्तीत म्हटलं आहे की खोळंबा 30 सेकंदांच्या वर गेला की माणसं अधीर होतात आणि लाल असतानाच घुसायला लागतात. हे आपण शिस्तीच्या खात्यावर टाकतो. चूक वेळापत्रकाची असते.

आता तासाला 600 माणसं ओलांडतात असं धरा. पहिल्या चक्रात त्यांचे मिळून दर तासाला 8 माणूस-तास जातात, दुसऱ्यात 4. गुणपत्रकात 'वाहन-सेकंद' खोडून 'माणूस-सेकंद' लिहिलं आणि त्यात चालणारे व बसमधले प्रवासी धरले, की या एका चौकातली रोजची बचत उड्डाणपुलाच्या प्रस्तावाशी थेट तोलता येते. सिग्नलची वेळ बदलायला सिमेंट लागत नाही, त्यामुळे लाभ-खर्च गुणोत्तर तर फारच पुढे जातं.

फूटपट्टी कायद्याने बदलता येते, याचं उदाहरण कॅलिफोर्निया. 2013 च्या कायद्याने तिथे पर्यावरण परिणाम तपासताना वाहनांचा खोळंबा हा निकष काढून 'एकूण वाहन-अंतर (सगळ्या वाहनांनी मिळून कापलेलं अंतर) किती वाढेल' हा निकष आणला. जुलै 2020 पासून तो राज्यभर लागू आहे. आधी सायकलमार्गामुळे मोटारींचा खोळंबा वाढतो म्हणून सायकलमार्गालाच पर्यावरणाला घातक ठरवता यायचं. ते बंद झालं.

दुसरी दुरुस्ती पुढची वाहतूक वर्तवणाऱ्या संगणकी प्रतिकृतीतली. रुंदीकरणाचा फायदा 20 वर्षांसाठी काढतात, पण वाहतूक रुंदीकरणाआधी वाढली असती तेवढीच वाढेल असं गृहीत धरून. डुरांटन आणि टर्नर यांनी 2011 मध्ये अमेरिकेतल्या महानगरांच्या आकड्यांवरून दाखवलं की आंतरराज्य महामार्गांची लेन-लांबी ज्या प्रमाणात वाढते, जवळजवळ त्याच प्रमाणात त्यांच्यावरचं वाहन-अंतरही वाढतं. म्हणून प्रस्तावकर्त्याकडून 'नव्याने निर्माण होणारी वाहतूक' या रकान्याचं उत्तर लेखी मागा. रकाना रिकामा असेल तर वेळबचतीचे गुण देऊ नका.

---

चौकपहारा

मोजणीदार, 70 सेकंदांचं चक्र कागदावर छान दिसतं. पण प्रत्येक फेज (एकाच वेळी हिरवा मिळणाऱ्या दिशांची पाळी) बदलताना पिवळा, सगळीकडे लाल आणि पहिल्या गाडीचा निघायचा उशीर मिळून सरासरी 4 सेकंद वाया जातात. चार फेजच्या चौकात 16 सेकंद झाले. 120 मध्ये ते 13 टक्के, 70 मध्ये 23 टक्के. क्षमता ढासळली की रांग मागच्या चौकात शिरते, आणि मग बसही त्यातच अडकते. वाहतूक शाखा या एका मुद्द्यावर प्रस्ताव परत पाठवते, आणि मी म्हणेन योग्यच करते.

---

मोजणीदार

गणित बरोबर आहे, म्हणून चक्राच्या आधी फेज कमी करायच्या. चार फेज लागतात त्या समोरच्या वाहतुकीला छेदून जाणाऱ्या वळणांसाठी. ही वळणं गर्दीच्या चौकात बंद करून पुढच्या किंवा मागच्या चौकात दिली की दोन फेज उरतात. मग वाया जाणारा वेळ 8 सेकंद, आणि 70 च्या चक्रातही तो 11 टक्केच. म्हणजे तुमच्या आजच्या 120 च्या चार फेजपेक्षा कमी.

बंद केलेली वळणं कुठे जातील हे मात्र जाळ्याच्या नकाशावर आधी ठरवा. नाहीतर ती शाळेच्या गल्लीतून निघतात.

---

बसफेरी

बसच्या बाजूने एक हिशेब. क्षेत्रीय पातळीवर हाच सगळ्यात कमी मांडला जातो.

एका बाजूने 12 किलोमीटरचा मार्ग घ्या. सरासरी वेग ताशी 12 किलोमीटर असेल तर जाऊन-येऊन 120 मिनिटं, वर टोकांना थांबायची 20. फेरी 140 मिनिटांची. दर 10 मिनिटांनी बस द्यायची तर 14 बस लागतात. आता बसला स्वतंत्र लेन मिळाली, सिग्नलला प्राधान्य मिळालं आणि वेग 15 वर गेला. जाऊन-येऊन 96, विश्रांती 16, एकूण 112. त्याच 14 बस, तेच चालक-वाहक, आणि बस दर 8 मिनिटांनी. नवी बस घेतली नाही, माणूस भरला नाही, तरी वाट पाहण्याचा सरासरी वेळ 5 वरून 4 मिनिटांवर आला आणि बसमधला वेळ पाचव्या हिश्शाने घटला.

ही बचत दरवर्षी होते. रस्त्याचं काम एकदाच करायचं असतं. पण रस्ता बांधतो एक विभाग आणि बसचा तोटा सोसतो दुसरा, त्यामुळे बचत कुणाच्याच वहीत चढत नाही. आराखडा करून निधी वाटणाऱ्या क्षेत्रीय संस्थेचं काम इथेच आहे. प्रस्तावासोबत रस्ता-मालक आणि बस-चालवणारा यांचा करार जोडायचा: वाचलेले बस-तास त्याच मार्गावर वारंवारतेसाठी वापरले जातील, बस काढून दुसरीकडे नेल्या जाणार नाहीत. या अटीशिवाय लेनला निधी देऊ नये असं माझं ठाम मत आहे, कारण रिकामी दिसणारी बसलेन लोक फार दिवस सहन करत नाहीत.

थांब्यांमधलं अंतर 300 ते 500 मीटर ठेवा. दर 150 मीटरवर थांबे असतील तर लेन देऊनही वेग 15 वर जात नाही.

---

आखणीवही

बसफेरी, करार जोडायची अट माझ्या गुणपत्रकाच्या मसुद्यात नव्हती, ती घेतो. पण चालवण्याचा पैसा येतो कुठून हा प्रश्न राहतोच. भांडवली कामाला निधी मिळतो, रोजच्या फेऱ्यांना मिळत नाही.

---

मोजणीदार

त्याची दोन जुनी उत्तरं आहेत. फ्रान्समध्ये 1971 मध्ये आधी पॅरिस परिसरात आणि मग इतर शहरांत मालकांच्या पगारखर्चावर वाहतूक आकार सुरू झाला. आज तो 11 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकांना पडतो. तो त्या भागाच्या वाहतूक संस्थेकडे जातो आणि रोजच्या फेऱ्यांवरही खर्च करता येतो. दुसरं उत्तर जर्मन भाषिक प्रदेशातलं. हॅम्बुर्गमध्ये 1965 मध्ये रेल्वे, मेट्रो, ट्राम आणि बस चालवणाऱ्यांनी एकत्र येऊन एकच तिकीट आणि एकच वेळापत्रक असणारी जोडसंस्था केली. झुरिकची तशी संस्था 1990 पासून चालते. तिकीट एक असलं की गाडी बदलायला लोक कचरत नाहीत, आणि मग समांतर धावणारे मार्ग कमी करून त्याच खर्चात वारंवारता वाढवता येते.

याला जोडूनच पायी पोच हा निकष गुणपत्रकात घाला. स्थानकाभोवती 400 मीटरचं वर्तुळ काढून 'इतकी वस्ती पाच मिनिटांत' असं लिहायची पद्धत आहे. वर्तुळ भरतं 50 हेक्टर. पण माणूस रस्त्यानेच चालणार. अगदी काटकोनी, बारीक जाळं असलं तरी 400 मीटर चालून 32 हेक्टरच हाती लागतात. बंद गल्ल्या आणि लांबलचक कुंपणं असतील तर त्याहून बरेच कमी. अशा ठिकाणी दोन गल्ल्यांच्या टोकांना जोडणारी 3 मीटरची पायवाट काढली तर तिच्यामुळे जितकी माणसं पोचतात तितकी कधीकधी स्थानकापर्यंत नेणाऱ्या पूरक बसनेही पोचत नाहीत. जागा मिळवायला वेळ लागतो, म्हणून हे काम यादीत पहिल्या वर्षाला टाका.

---

कर्बरेषा

आता 24 मीटरचा आडवा छेद मांडते. कडेपासून मध्याकडे येऊ.

दुकानाच्या भिंतीलगत 0.3 मीटर, कारण तिथे कुणी चालत नाही. मग 2.0 मीटर निखळ चालायची जागा. तिच्यात खांब, विजेचा डीपी, झाड, पाटी काहीही येता कामा नये. मग 1.2 मीटर झाडं-खांबांची पट्टी. पदपथ झाला 3.5. पुढे 1.8 मीटर सायकलमार्ग आणि 0.4 मीटरची उंच पट्टी. एका बाजूचे 5.7, दोन्ही बाजूंचे 11.4. मध्ये उरतात 12.6 मीटर: 3.3 च्या दोन बसलेन आणि 3.0 च्या दोन सर्वसाधारण लेन. बेरीज 24. पार्किंग नाही, दुभाजक नाही. 24 मीटरमध्ये हे सगळं आणि शिवाय पार्किंग दाखवणारा नकाशा कुणी समोर ठेवला तर निखळ पदपथाची रुंदी मोजा, ती 1.2 निघेल.

खरी परीक्षा दोन ठिकाणी होते. पहिली बसथांब्यावर. फलाटाला 2.5 मीटर लागतात. थांब्यापाशी सायकलमार्ग 1.5 करा (0.3 मिळाले), झाडांची पट्टी थांबवा (1.2), उंच पट्टी काढा (0.4). झाले 1.9. उरलेले 0.6 समोरच्या बाजूच्या झाडपट्टीतून घ्या, म्हणजे मधला गाडीरस्ता तेवढा सरकतो. एकास वीस या हिशेबाने हा सरकाव 12 मीटर लांबीत सावकाश उतरवा. हे जमण्यासाठी दोन दिशांचे थांबे समोरासमोर न ठेवता पुढे-मागे ठेवावे लागतात. पुढे-मागे ठेवताना दोन्ही थांबे ओलांडणीच्या पलीकडे येतील असं बघा. बसमधून उतरलेला माणूस मग बसच्या मागून ओलांडतो.

दुसरी परीक्षा चौक सोडून मध्येच असलेल्या ओलांडणीची. चार लेनवर आश्रयबेटाशिवाय (मध्येच थांबायच्या सुरक्षित जागेशिवाय) नुसता झेब्रा रंगवू नका. जवळच्या लेनमधली बस थांबते, तिच्याआड पलीकडची मोटार दिसत नाही, आणि ती मोटार वेगात येते. इथे दोन्ही बाजूंच्या झाडपट्ट्यांतून प्रत्येकी 1 मीटर घेऊन मध्ये 2 मीटर खोलीचं बेट करा. 2 मीटर यासाठी की बाबागाडी किंवा सायकल त्यात आडवी मावते. 1.2 मीटरच्या बेटात सायकलचं चाक लेनमध्ये राहतं.

---

चौकपहारा

कर्बरेषा ताई, आज जिथे सहा लेन कशाबशा चालतात तिथे मोटारींना दोनच लेन ठेवल्या. बाकीची वाहनं कुठे जाणार, हे लोकसुनावणीत पहिल्या पाच मिनिटांत विचारतील.

---

कर्बरेषा

विचारतीलच, आणि उत्तर माणसांच्या आकड्यात द्यायचं. अमेरिकन शहरांच्या वाहतूक अधिकाऱ्यांची संघटना नॅक्टो, तिच्या मार्गदर्शिकेत सुमारे 3 मीटर पट्ट्याची ताशी क्षमता दिली आहे. मिश्र वाहतुकीची लेन 600 ते 1,600 माणसं, वारंवार बस असलेली स्वतंत्र लेन 4,000 ते 8,000, पदपथ 9,000 पर्यंत. एक मिश्र लेन बसला दिली तर क्षमता कित्येक पटींनी वाढते, अट एकच, बस खरोखर वारंवार हव्यात. बसफेरींचा करार इथे कामाला येतो.

आरपार जाणाऱ्या मोटारींना मात्र जाळ्यातच उत्तर द्यावं लागतं. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनने 1977 मध्ये शहराच्या मध्यभागाचे चार भाग पाडले. मोटारीने एका भागातून दुसऱ्यात थेट जाता येत नाही, मध्यभागाभोवतीच्या वळसा रस्त्यावर येऊनच जावं लागतं. पायी आणि सायकलने थेट. बेल्जियममधल्या गेंटने एप्रिल 2017 मध्ये याच तत्त्वावर मोटारमुक्त मध्याभोवती सहा भाग केले. खर्च होता मुख्यतः कुंड्या, पाट्या आणि कॅमेऱ्यांचा. क्षेत्रीय निधीतून असं काम फार थोड्यात होतं, पण यादीत ते 'बांधकाम' दिसत नाही म्हणून मागे पडतं.

आता कोपऱ्यांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण चौक सुरक्षित होतो की नाही हे तिथेच ठरतं.

छोटा रस्ता 7 मीटरचा, कर्बचा (पदपथाच्या दगडी कडेचा) कोपरा 9 मीटर त्रिज्येचा आणि पदपथ 2 मीटरचा धरा. पदपथाच्या मध्यरेषेतून सरळ ओलांडायचं. त्या रेषेवर कर्ब प्रत्येक कोपऱ्यात 4.9 मीटर मागे सरकलेला असतो. दोन्ही कोपरे धरून ओलांडणी होते 16.8 मीटर. त्रिज्या 3 मीटर केली तर कर्ब फक्त 0.76 मीटर मागे जातो आणि ओलांडणी 8.5 मीटर राहते. सेकंदाला 0.9 मीटर चालणाऱ्या वयस्क माणसाला पहिल्या ठिकाणी जवळजवळ 19 सेकंद लागतात, दुसऱ्या ठिकाणी साडेनऊ. रस्ता तोच, वाहतूक तीच, फक्त कर्बचे आठ-दहा दगड वेगळे बसवले. शिवाय मोठ्या त्रिज्येवर मोटार ताशी 20 किलोमीटरच्या वर वेगाने वळते, छोट्या त्रिज्येवर तिला 12-15 वर यावंच लागतं.

'मग अग्निशमनाची गाडी कशी वळणार' हा प्रश्न येतोच. कर्बची त्रिज्या आणि वळणाऱ्या गाडीची प्रत्यक्ष त्रिज्या वेगळ्या असतात. कर्बपासून सायकलमार्ग आणि उंच पट्टी आत आहे, त्यामुळे गाडी आधीच 2.2 मीटर आतून वळते. तरी अडत असेल तर कोपऱ्यात 5 ते 8 सेंटिमीटर उंचीचा खडबडीत दगडी उंचवटा द्या. मोठं चाक त्यावरून जातं, मोटारवाला टाळतो. शंका असेल तर शंकू मांडून त्याच गाडीला वळवून बघायचं. चालक गाडी आडवी-तिडवी घेऊन वळवू शकतो हे संगणकातली वळणरेषा धरत नाही, म्हणून बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त जागा मागते.

ओलांडणीच्या आधी 6 मीटर कुठलंही वाहन उभं राहू नये. पाटी लावून हे होत नाही. तिथे कर्ब बाहेर काढा किंवा सायकलचे स्टँड लावा, लहान मूल त्यांच्याआड लपत नाही.

---

मोजणीदार

कोपऱ्यातल्या वेगाचं महत्त्व कळायला एक आकडा पुरे. प्रतिक्रियेला 1 सेकंद आणि चांगले ब्रेक धरले तर 30 च्या वेगातली मोटार साधारण 13 मीटरमध्ये थांबते. 50 च्या वेगातल्या मोटारीला त्याच 13 मीटरमध्ये ब्रेकवर पायही पडलेला नसतो, ती पूर्ण वेगात असते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग 1 टक्का वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे 4 टक्के वाढतो. गुणपत्रकात 'प्रस्तावानंतर अपेक्षित वेग' हा रकाना हवाच. वेगमर्यादेच्या पाटीवरचा आकडा त्यात चालणार नाही, आरेखनातून येणारा वेग लिहायला लावा.

---

पाणलोट

आरेखन कितीही चांगलं असलं तरी पहिल्या मोठ्या पावसात ते पाण्याने उघडं पडतं. काही ठिकाणं ठरलेली आहेत.

उंचावलेली ओलांडणी म्हणजे गटाराच्या वाटेतला बांध. उताराच्या वरच्या बाजूला, चढण सुरू व्हायच्या साधारण 1 मीटर आधी पाणी घेणारी जाळी हवी. नकाशात ती ओलांडणीच्या मधोमध किंवा खालच्या बाजूला दाखवलेली असते, कारण जुना चेंबर तिथे असतो. मग पाणी नेमकं जिथे माणूस थांबतो तिथे साचतं. चेंबर हलवायचा खर्च अंदाजपत्रकात धरलेला नसेल तर कंत्राटदार तो हलवत नाही. जाळीच्या फटी 13 मिलिमीटरपेक्षा रुंद नकोत आणि सायकलच्या दिशेला आडव्या हव्यात. उभ्या फटीत चाक अडकतं.

पदपथाचा आडवा उतार एकास पन्नास ठेवा. त्याहून तीव्र असेल तर चाकाची खुर्ची सारखी रस्त्याकडे ओढली जाते, सपाट असेल तर डबकी होतात.

कर्ब 150 मिलिमीटरपेक्षा उंच करू नका. गाड्या चढू नयेत म्हणून 300 चा कर्ब लावतात. मग प्रत्येक फाटकापाशी पदपथ खाली उतरतो आणि पुन्हा चढतो, आणि 100 मीटरमध्ये सहा वेळा चढ-उतार करायला लागलेला माणूस सरळ गाडीरस्त्यावरून चालतो. फाटकापाशी पदपथ आहे त्याच पातळीवर सलग ठेवायचा आणि मोटारीसाठी उतार फक्त झाडपट्टीच्या रुंदीत बसवायचा. गाड्या अडवायला खांब लावा, मधलं मोकळं अंतर 0.9 ते 1.2 मीटर. दुचाकी त्यातून जातात हे खरं आहे, पण त्याहून कमी केलं तर खुर्ची अडते. दुचाकीचा बंदोबस्त ओलांडणीपाशी उतार अरुंद ठेवून आणि कारवाई करूनच होतो.

आणि डांबराचं कार्पेट टाकण्याआधी जुना थर खरवडून काढायची अट घाला. थरावर थर चढवत गेलं की दहा-बारा वर्षांत कर्ब निम्मा बुडतो, चेंबर खड्ड्यात जातात आणि पाणी दुकानात शिरतं. ही अट निविदेत वेगळी बाब म्हणून, तिच्या मोजमापासह हवी. नुसत्या टीपेत असली तर बिलात तिचे पैसे नसतात, म्हणून काम होत नाही.

काम सुरू करण्याआधी प्रत्येक चौकात चारही बाजूंना आडवे रिकामे पाइप टाकून ठेवा. पुढे केबलवाला आला की त्याला फरश्या उखडाव्या लागत नाहीत. उखडलेली फरशी पूर्वीसारखी बसत नाही, खालचा भराव नीट दाबलेला नसतो.

---

चौकपहारा

एक शंका, बहुतेक नकाशांत ती डोळ्याआड होते. थांब्याचा फलाट बेटासारखा आणि मागून सायकलमार्ग, म्हणजे बसपर्यंत जायला सायकलमार्ग ओलांडावा लागतो. अंध माणसाला सायकल ऐकू येत नाही. अंध व्यक्तींच्या संघटना अशा थांब्यांना विरोध करतात आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे.

---

कर्बरेषा

रास्तच आहे, आणि त्यावर पूर्ण तोडगा आहे असं मी म्हणणार नाही. धोका कमी करायला सायकलमार्ग थांब्यापाशी 1.5 मीटरवर आणणं हे पहिलं, म्हणजे ओव्हरटेक होत नाही. दुसरं, मार्ग तिथे पदपथाच्या पातळीला उचलायचा, चढण सायकलचा वेग तोडते. तिसरं, ओलांडायची जागा एकच आणि ठरलेली, दोन्ही बाजूंना स्पर्शफरशी (पायाला किंवा काठीला जाणवणारी उठावाची फरशी), बाकी कडेला कठडा, म्हणजे माणूस चुकून मार्गात उतरत नाही. छपराचे खांब एकाच रांगेत मागे घ्या, सायकलवाल्याला फलाटावरचा माणूस आधीच दिसला पाहिजे. हे चारही बसत नसेल इतकी जागा कमी असेल तर बेट करू नका. सायकलचा मुख्य मार्ग समांतर गल्लीतून न्या.

---

बसफेरी

थांब्याची आणखी एक बाब. बस बाजूच्या खोबणीत घ्यायची नाही, लेनमध्येच थांबवायची. खोबणीतून पुन्हा लेनमध्ये शिरायला बसला दर वेळी वाट पाहावी लागते, आणि खोबणीत रिक्षा-मोटारी उभ्या असल्या की बस तिरकी थांबते, मागचं दार फलाटापासून लांब राहतं.

बस जिथे ब्रेक लावते तिथे डांबर सरकून घड्या पडतात. रस्त्याची झीज अंदाजे आसावरच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते. 10 टनांचा आस 1 टनाच्या आसाच्या दहा हजार पट झीज करतो. म्हणून थांब्यापाशी पूर्ण बसच्या लांबीइतकं आणि मागे-पुढे काही मीटर जास्त, असं 200 ते 250 मिलिमीटर जाडीचं काँक्रीट टाकायचं. हे पैसे रस्त्याच्या कामात धरायचे. 'थांबे' म्हणून वेगळं काम केलं तर नुसतं छप्पर येतं, खालची जमीन तशीच राहते.

---

आखणीवही

एक शेवटचं विचारतो. परिणाम कधी आणि कसा मोजायचा? निधीचा दुसरा हप्ता मोजणीवर अवलंबून ठेवायचा विचार आहे.

---

मोजणीदार

हप्ता अपघातांच्या आकड्यावर ठेवू नका. एका रस्त्यावर गंभीर अपघात वर्षाला मोजकेच होतात. त्यातून आपण काम बहुधा अपघात अचानक वाढलेल्या वर्षानंतरच हाती घेतो, त्यामुळे पुढच्या वर्षी काही न करताही आकडा खाली येतो आणि श्रेय कामाला मिळतं. अपघातांची तुलना आधीची तीन आणि नंतरची तीन वर्षं अशीच करावी, आणि शेजारचा काम न झालेला रस्ताही सोबत मोजावा.

हप्त्यासाठी लगेच कळणाऱ्या गोष्टी घ्या. मोकळ्या वाहतुकीत 85 टक्के वाहनं ज्या वेगाच्या आत असतात तो वेग, कामाआधी आणि नंतर, त्याच जागी, त्याच ऋतूत. बसचा दोन थांब्यांमधला वेळ, तोही सरासरीऐवजी दर फेरीचा, कारण लोकांना त्रास अनिश्चिततेचा होतो. पायी आणि सायकल मोजणी 15 मिनिटांच्या टप्प्यांत, कामाचा एक दिवस आणि सुट्टीचा एक दिवस. रस्ता ओलांडणाऱ्यांत लहान मुलं आणि वयस्क किती, हे वेगळं नोंदवा. आधीच्या मोजणीत ते दिसत नसतील तर ते तिथे नाहीत असा अर्थ काढू नका, त्यांना ओलांडता येत नव्हतं.

आधीची मोजणी निविदा काढण्यापूर्वी झाली पाहिजे. खोदकाम सुरू झाल्यावर केलेली कुठलीच मोजणी तुलनेला चालत नाही.

---

पाणलोट

आणि दुसऱ्या हप्त्याआधी पाहणी भर पावसात करा. कंत्राटदाराचा माणूस, रस्ते विभागाचा अभियंता आणि चाकाची खुर्ची वापरणारी एक व्यक्ती, तिघांनी मिळून पूर्ण लांबी पायी-खुर्चीने फिरायची. जिथे पाणी 10 मिनिटांहून जास्त उभं राहतं आणि जिथे खुर्ची अडते त्या जागा नकाशावर टिपायच्या. त्या दुरुस्त होईपर्यंत अनामत रक्कम सोडायची नाही, असं करारात आधीच लिहून ठेवा.